सतरा मिनिटं

दौलतगंजात दिवे गेले तेव्हा
रामसेवकच्या दुकानात गजक कुटणं चालू होतं.
लाकडी हातोड्यांचे दोन-चार ठोके अंधारातही पडले,
मग थांबले.
बाहेर जानेवारीचं धुकं,
समोरच्या डॉक्टरची पाटी गिळून बसलेलं.

शरयू म्हणाली, चला, एक कोडं.
तीस वर्षं ती 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसली,
निवृत्त झाल्यापासून बोलते.

चार माणसं. रात्र. एक पूल, एकच कंदील.
पुलावर एका वेळी दोघंच,
आणि कंदिलाशिवाय पाऊल टाकायचं नाही.
एकाला पार व्हायला एक मिनिट, दुसऱ्याला दोन,
तिसऱ्याला पाच लागतात, चौथ्याला दहा.
जोडी चालते ती सावकाश माणसाच्या चालीनं.
सगळे पलीकडे, कमीत कमी किती वेळात?

खानवलकर म्हणाला, दोघांचाच पूल का?
ठेकेदार कोण होता?
(त्याची हयात पीडब्ल्यूडीत गेली,
त्याला आधी टेंडर दिसतं, मग नदी.)
रामसेवक म्हणाला, "भैया, चारों यहीं बैठो,
सुबह हो जाएगी, कंदील का क्या काम."
हेही उत्तरच होतं. शरयूनं बाद केलं.

मेणबत्तीपाशी फळीवर गजकचे चार तुकडे मांडले.
रामसेवकचा भाचा भूरा म्हणजे एक, त्याच्या पायांना चाकं.
शरयू दोन.
खानवलकरनं स्वतःला पाच लावून घेतले.
दहा म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही;
माझा गुडघा सगळ्यांना पाठ आहे.

मी भूराला कामाला लावलं:
शरयूला सोड, परत ये,
खानवलकरला सोड, परत ये, मग मला.
एकोणीस, मी म्हणालो, तपासून घ्या.
बेरीज बरोबर होती. शरयू हसली.
"सतरा."

अर्धा तास आम्ही गजक इकडून तिकडे केली.
मधेच भूरानं तिसरा माणूस खाऊन टाकला;
"ये तो मर्डर है," म्हणत खानवलकरनं
नव्या तुकड्यावर स्वतःची नेमणूक करून घेतली.

शेवटी जमलं ते त्यालाच.
पाच आणि दहा उचलून त्यानं शेजारी शेजारी ठेवले.
"आपण कुणाहीबरोबर चाललो तरी उशीर करणारच ना?
मग एकदाच करू. एकत्र.
माझी पाच मिनिटं तुझ्या दहांत बुडून जातील."
चाळीस वर्षांत इतकं बरं
तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

भूरा आणि शरयू पलीकडे, दोन. भूरा परत, एक.
आम्ही दोघं, दहा. शरयू परत, दोन.
मग ती दोघं, पुन्हा दोन.
रामसेवकनं बक्षीस म्हणून खानवलकरला
मलाच खायला दिलं.

भूरा मात्र फळीकडे बघत राहिलेला.
"अंकल लोग कंदील लेके पुल पर हैं,
तब हम कहाँ हैं?"
अलीकडच्या काठावर.
"अँधेरे में?"
हो.
"और आंटी?"
पलीकडच्या.

हे आमच्यापैकी कुणी मोजलंच नव्हतं.
पुलावर उजेड घेऊन रेंगाळणारे आम्ही,
आणि दोन काठांवर एकेकटी उभी
ती दोघं, ज्यांना भरभर चालता येतं.
भूरा बारा मिनिटं.
शरयूनं बोटांवर मोजलं: मी अकरा.
मग शाल आवळत म्हणाली,
"मला सवय आहे. हा पोरगा लहान आहे."

दिवे आलेच नाहीत.
रामसेवकनं शटर ओढलं, भूरानं टॉर्च धरला,
आणि नई सडकेपर्यंत आम्ही पाचही जण
दहाच्या चालीनं गेलो.
घड्याळ कुणी पाहिलं नाही.
गुडघा ठणकत होता,
आणि खानवलकर पुन्हा
त्या ठेकेदारावर आला होता.